पंगतीत शेवटचा, वाढण्यात पहिला

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा आणि चेंडूचा संबंध बेताचाच येतो. चेंडू लंबगोल; तो हातात धरून पळायचे, दूर फेकायचा, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन पळणाऱ्याला आडवे करायचे. पण हा लेख त्या खेळाविषयी नाही. चेंडूला हातही न लावता त्या देशात दर वसंतात जो एक दुसराच खेळ रंगतो, त्याच्या इतिहासाविषयी आहे. त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

त्याची रीत सोपी आहे. व्यावसायिक संघ आज बत्तीस. कॉलेजांतून खेळून तयार झालेली पोरे दरवर्षी एप्रिलअखेर या संघांनी आळीपाळीने निवडायची. फेऱ्या सात. आदल्या वर्षी ज्याने सपाटून मार खाल्ला तो संघ सर्वांत आधी निवडणार आणि विजेता सर्वांत शेवटी. आपल्या पंगतीत वाढायला सुरुवात मानाच्या पाटापासून होते. इथे दाराशी बसलेल्या शेवटच्या पानावर पहिला लाडू पडतो. मात्र ज्या संघाने ज्या पोराचे नाव घेतले, त्या पोराने त्याच संघाशी करार करायचा. दुसऱ्याकडे जाण्याची मुभा त्याला नाही.

माझी मुलगी संसारानिमित्त फिलाडेल्फियाजवळ राहते, त्यामुळे माझे तीन वसंत त्या गावात गेले. इंदूर-बडोद्याच्या जुन्या मराठी वाड्यांत लग्नसराईच्या आधी जी चर्चा चालायची, तीच मला तिथे केशकर्तनालयात, बसथांब्यावर आणि रेडिओवर ऐकू आली. मुलगा किती उंच, वजन किती, घराणे कसले, म्हणजे कॉलेज कोणते, गुडघ्याचे दुखणे खरोखर बरे झाले आहे की लपवले आहे? शेजारचे निवृत्त गृहस्थ वही घालून बसत. तीत दीडएकशे पोरांची नावे, आणि प्रत्येकापुढे चाळीस यार्ड पळायला लागलेला वेळ, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. त्यांना एकदा मी भीत भीत विचारले, “पण या मुलाला तुमच्या गावात यायचे आहे का?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “तो प्रश्नच येत नाही.” मुलगी मला घरी म्हणाली, “बाबा, तुम्ही अगदी बाहेरच्या माणसाचा प्रश्न विचारलात.” इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला असले उत्तर स्वस्थ बसू देत नाही. ‘प्रश्नच येत नाही’ असे जिथे लोक म्हणतात, तिथे तो कधीतरी येऊन गेलेला असतो.

या प्रथेचा जनक फिलाडेल्फियाचाच. १९३५ साली ‘ईगल्स’ या संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ तळाला गेला होता. चांगला खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या बड्या संघांकडे जाई. न्यूयॉर्क आणि शिकागो गबर होत आणि बाकीचे रखडत. बेल यांनी मालकांच्या सभेत मांडले की साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच भक्कम असते, तेव्हा दुबळ्याला आधी निवडू द्या. बड्या मालकांनीही हे मान्य केले. सामने एकतर्फी झाले तर तिकिटे कोण काढणार, हा हिशेब त्यांना कळत होता. दुसराही एक हिशेब होता, तो मोठ्याने बोलला गेला नसावा: एका पोरासाठी दोन मालकांची चढाओढ थांबली की पोराचा भाव आपोआप खाली येतो.

पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाली. फळ्यावर नव्वदएक नावे, नऊ संघ, नऊ फेऱ्या, एकूण एक्याऐंशी पोरे. पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचे. कॉलेजातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे, पुढे हाइझमन म्हणून गाजलेले पारितोषिक त्याला नुकतेच मिळाले होते. ईगल्सने त्याला निवडले, त्याचा हक्क शिकागोच्या ‘बेअर्स’ला देऊन टाकला, आणि बेअर्सचे मालक जॉर्ज हालास यांच्याशी पैशाचे जमले नाही म्हणून बर्वँगर सरळ नोकरीधंद्याला लागला. व्यावसायिक सामना तो एकही खेळला नाही. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्या बेल यांना त्या वर्षी निवडलेल्या नऊपैकी एकही पोरगा मिळाला नाही. मंदीचे दिवस होते आणि फुटबॉलपेक्षा कारखान्यातली नोकरी भरवशाची होती. नाही म्हणण्याची ताकद पोरांकडे होती ती अशी: घरी बसण्याची.

तेव्हा चाहत्यांत वाद नव्हते, कारण माहितीच नव्हती. मालकांनाही ती कुठे होती! न्यूयॉर्क ‘जायंट्स’च्या मालकाचा तरुण मुलगा वेलिंग्टन मारा गावोगावची वर्तमानपत्रे आणि मासिके मागवून खेळाडूंची टिपणे ठेवी, एवढ्यावर तो सर्वांच्या पुढे. आज घरोघर ज्या वह्या आहेत त्यांचे मूळ त्या टिपणांत आहे.

पण कोणाचे नाव फळ्यावर लिहायचे, हा प्रश्न निवडीच्याही आधीचा असतो. १९३४ पासून १९४५ पर्यंत या व्यावसायिक संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. मालकांचे आपसांत समजून होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन हा १९३९ सालचा देशातील अव्वल खेळाडूंपैकी एक. १९४० च्या निवडीत डझनावारी पोरांची नावे पुकारली गेली, त्याचे नाव एकानेही घेतले नाही. १९४६ मध्ये ‘रॅम्स’ संघ लॉस एंजेलिसला आला, तिथले सार्वजनिक मैदान हवे असेल तर काळ्या खेळाडूंना घ्या असा कृष्णवर्णीय पत्रकारांनी आग्रह धरला, तेव्हा केनीला दार उघडले. तोवर त्याचे गुडघे झिजले होते. ड्राफ्टमधून निवडला जाऊन प्रत्यक्ष या साखळीत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू वॉली ट्रिपलेट, १९४९ साली, डेट्रॉइटकडून. म्हणजे ‘दुबळ्याला आधी वाढा’ म्हणणाऱ्या पंगतीत काही जणांना तेरा वर्षे पाटच मांडला नव्हता.

१९६० साली दुसरी, प्रतिस्पर्धी साखळी उभी राहिली आणि पोरांचे दिवस पालटले. दोन्हीकडून मागणी येऊ लागली. मालकांची माणसे पोरांना हॉटेलात नेऊन ठेवीत, खाऊपिऊ घालीत आणि दुसऱ्या पक्षाचा माणूस फिरकू नये म्हणून पहारा करीत. ओटिस टेलर नावाच्या खेळाडूला कॅन्सस सिटीच्या माणसाने मोटेलच्या खिडकीतून पळवून नेल्याची कथा प्रसिद्ध आहे. १९६५ मध्ये जो नेमथ याला न्यूयॉर्क ‘जेट्स’ने चार लाखांहून अधिक डॉलर मोजले. मग दोन्ही साखळ्यांचा समेट झाला, १९६७ पासून निवड एकत्र होऊ लागली आणि खिडक्या पुन्हा बंद झाल्या.

इथे माझ्या शेजाऱ्यांच्या ‘प्रश्नच येत नाही’चे उत्तर सापडते. १९६८ साली ऑरेगन विद्यापीठाच्या जेम्स स्मिथला, लोक त्याला ‘याझू’ म्हणत, वॉशिंग्टनच्या संघाने पहिल्या फेरीत निवडले. करार एका वर्षाचा. त्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला जबर दुखापत झाली आणि खेळ कायमचा संपला. त्याने न्यायालयात विचारले: मला हव्या त्या संघाशी बोलणी करता आली असती, तर अशा दुखापतीची तजवीज करणारा करार मी मिळवला नसता का? मालकांनी एक होऊन माझा बाजारच बंद केला. १९७६ साली न्यायालयाने त्याचे म्हणणे उचलून धरले आणि १९७८ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही सांगितले की ड्राफ्टची त्या वेळची पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी होती. प्रश्न आला होता. त्याचे उत्तरही पोराच्या बाजूने लागले होते.

मग प्रथा टिकली कशी? १९७७ साली मालकांनी खेळाडूंच्या संघटनेशी सामुदायिक करार केला आणि त्यात ड्राफ्ट घातला. जे मालकांनी परस्पर लादले तर बेकायदा, ते कामगार संघटनेने सही करून मान्य केले तर कायदेशीर. त्या बदल्यात संघटनेने इतर सवलती मिळवल्या. पण सही करणारे होते आधीच संघात बसलेले खेळाडू. ज्यांच्या हक्काचा सौदा झाला ती पोरे तेव्हा शाळा-कॉलेजांत होती.

आणि नेमक्या याच सुमारास चाहत्यांचा प्रवेश झाला. एप्रिल १९८० मध्ये एका नवख्या क्रीडा वाहिनीने ही निवड दूरदर्शनवर दाखवायची परवानगी मागितली. साखळीचे प्रमुख पीट रोझेल यांना नवल वाटले: नावे वाचून दाखवण्याचा कार्यक्रम बघणार कोण? लोकांनी बघितला. १९८८ पासून तो सुट्टीच्या दिवशी आला. बाल्टिमोरचा मेल कायपर नावाचा तरुण घरबसल्या खेळाडूंची पुस्तिका काढीत असे, तो १९८४ पासून पडद्यावर पंडित झाला. १९९४ मध्ये त्याने इंडियानापोलिसच्या निवडीवर टीका केली, तेव्हा त्या संघाचे अधिकारी भर कार्यक्रमात त्याच्यावर उखडले, की हा कोण लागून गेला? प्रश्न वाजवी होता. पण त्या संघाने निवडलेला खेळाडू दुखापतींनी तीन हंगामांतच संपला, आणि घरोघरच्या कायपरांना वाटले की आपल्यालाही कळते.

कळते का? फिलाडेल्फियाचीच गोष्ट घ्या. १९९९ साली ईगल्सचा दुसरा क्रमांक होता. गावाला हवा होता टेक्सासचा धावपटू रिकी विल्यम्स. रेडिओवर महिनोन्‌महिने हाच घोष. महापौर एड रेंडेल यांनीही त्यात सूर मिळवला. एका रेडिओ सूत्रधाराने तीसएक कट्टर चाहते बसमध्ये भरून न्यूयॉर्कला नेले. संघाने नाव पुकारले सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डोनोवन मॅकनॅबचे. आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण म्हणून तो बावीस वर्षांचा मुलगा व्यासपीठावर आला आणि त्याच्या नव्या गावाने त्याचे स्वागत हुर्यो उडवून केले. पुढे काय झाले? विल्यम्ससाठी न्यू ऑर्लीन्सने त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या आणि त्या हंगामात सोळांपैकी तीनच सामने जिंकले. मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा उपांत्य फेरीत आणि २००५ च्या फेब्रुवारीत अंतिम सामन्यात नेले. तो सामना ज्याच्या संघाने जिंकला तो टॉम ब्रेडी २००० सालच्या निवडीत एकशे नव्व्याण्णवावा होता. एकशे अठ्ठ्याण्णव वेळा त्याला वगळणारे चाहते नव्हते, पगारी तज्ज्ञ होते. तेव्हा चुकण्यात दोघे बरोबरीचे; फरक एवढाच की चाहते पदरमोड करून चुकतात.

मला खटकते ते चुकणे नव्हे. ज्या पोरांनी तोंड उघडून ‘मला तिथे जायचे नाही’ म्हटले, त्यांच्याशी हे चाहते कसे वागले ते पाहावे. १९८३ मध्ये जॉन एल्वे याने बाल्टिमोरला नकार दिला आणि बेसबॉल खेळायला जाईन म्हणून बजावले. त्याला डेन्व्हरला सोडावे लागले. २००४ मध्ये ईलाय मॅनिंगने सान डिएगोला नकार दिला आणि नाव पुकारताच सभागृहात त्याचा धिक्कार झाला. एल्वेपाशी दुसरा खेळ होता, मॅनिंगपाशी नामांकित खेळाडू बाप होता. ज्याच्यापाशी यांतले काही नाही तो टोपी घालून हसतो आणि फोटो काढून घेतो. कॉलेजातल्या खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मोकळीक २०२१ पासून मिळाली. कोणत्या गावी खेळायचे हे ठरवण्याची अजून नाही.

आपल्याकडे २००८ पासून आयपीएलमुळे बोलीचा बाजार माहीत झाला. पण त्या पहिल्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या मुलांची वाटणी बोलीने नव्हे, आळीपाळीच्या निवडीनेच झाली होती. दिल्लीने आपल्याच गावच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतले आणि कोहली बेंगळूरुला आला. २०२५ साली बेंगळूरुने पहिले विजेतेपद मिळवले तेव्हाही तो तिथेच होता. हे नशीब सर्वांचेच नसते.

बेल यांची कल्पना मी टाकाऊ मानत नाही. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. ते आज न्यूयॉर्कच्या बरोबरीने खेळते, त्यात या पंगतीचा वाटा आहे. २०२४ मध्ये डेट्रॉइटला हा सोहळा पाहायला तीन दिवसांत पावणेआठ लाख लोकांची हजेरी लागली. पडक्या कारखान्यांच्या त्या गावाला ‘आता आपली पाळी’ असे वाटणे किती मोलाचे असेल! दुबळ्या गावाला आशा देणारी व्यवस्था सहसा सापडत नाही. पण त्या आशेचा खर्च कोणी सोसला हे पंगतीतल्यांनी माहीत करून घ्यावे. तो संघांनी सोसला नाही, प्रेक्षकांनीही नाही. तो केनी वॉशिंग्टनच्या गुडघ्यांनी आणि याझू स्मिथच्या मानेने सोसला. आपल्याकडेही स्थळांच्या चर्चा पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या जाणतेपणाने होत. उंची, वर्ण, पत्रिका, मानपान, सगळे बारकाईने तपासले जाई. मुलीला विचारावे, हे मात्र फार उशिरा सुचले. ते सुचल्यावर लग्ने काही बंद पडली नाहीत.