फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर?

कीटकनाशक उद्योगाचा इतिहास सांगणारे 1954 साली सरकारने काढलेल्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सपासून सुरुवात करतात. मलेरियाविरुद्ध डीडीटी, मग हरितक्रांती, मग गावोगावची कृषी सेवा केंद्रे. आम्ही विचारतो, या सगळ्यात पंप कोणाच्या पाठीवर होता?

1958 मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1968 साली, कीटकनाशक कायदा झाला. लागू व्हायला 1971 उजाडले. ताटात विष आले तेव्हा देश हलला. फवारणाऱ्याच्या अंगावर रोज उडणाऱ्या विषासाठी नियमांत हातमोजे आणि मास्क लिहिले गेले. लिहिलेच गेले.

2002 मध्ये बीटी कापूस आला, तो फवारणी घटेल या आश्वासनावर. गुलाबी बोंडअळीने ते खोटे पाडले. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस जीव गेले. त्यात शेतकरी होते, रोजाने फवारणारे भूमिहीन मजूरही होते. भूमिहीनांत दलित-आदिवासी किती, हे विदर्भात वेगळे सांगावे लागत नाही. तरी ‘मास्क का लावला नाही?’ हा प्रश्न मजुरालाच!

औषध बाटलीत भरणाऱ्या कारखाना कामगाराला राज्य विमा योजना आहे. तीच बाटली रानात फोडणाऱ्या मजुराला ती नाही. आमची मागणी एवढीच, की बाटली विकणाऱ्या कंपनीकडून त्याच्या विम्याचा हप्ता वसूल करा.