झाडावर कोरलेले नाव

स्वीडिश दिग्दर्शक यान ट्रोएल यांचे ‘द एमिग्रंट्स’ (१९७१) आणि ‘द न्यू लँड’ (१९७२) हे चित्रपट विल्हेल्म मोबेरी यांच्या १९४९ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्मोलांड प्रांतातील कार्ल ऑस्कर व क्रिस्टिना हे तरुण शेतकरी जोडपे मुलाबाळांसह मिनेसोटात जाऊन वसते, एवढेच त्यांचे कथासूत्र. परंतु ऐतिहासिक चित्रपट कोणाच्या दृष्टीतून इतिहास घडवतो, हा प्रश्न या जोडचित्रपटांतून तीव्रतेने उपस्थित होतो.

ट्रोएल यांनी छायाचित्रणही स्वतःच केले. त्यांचा कॅमेरा शेतकऱ्याच्या दृष्टिपथापलीकडे सहसा जात नाही. धोंड्यांनी भरलेले शेत, उपासमारीच्या दिवसांत दगावलेली मुलगी, जहाजातील कोंदट आठवडे ही संथ, अल्पभाषी दृश्ये साचत जातात आणि नव्या भूमीवरील हक्काचे नैतिक समर्थन होऊन बसतात. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस कार्ल ऑस्कर तळ्याकाठच्या झाडावर नाव कोरतो व बुंध्याला टेकून बसतो. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाशी परिचित असलेल्या मराठी प्रेक्षकाला हा क्षण न्यायाचा वाटावा, यात नवल नाही. मात्र ते तत्त्व जमीनदाराविरुद्ध कुळाच्या बाजूने उभे राहिले होते. येथे जमीनदार नाही. सेंट क्रॉय नदीच्या पश्चिमेकडील ही भूमी १८३७ च्या करारांनी ओजिब्वे व डकोटा यांच्याकडून घेतलेली आहे, आणि १८४१ च्या कायद्यानुसार आधी वस्ती करणाऱ्यास ती १६० एकरांपर्यंत एकरी सव्वा डॉलरने मिळू शकते. तळ्याकाठचे रिकामेपण अशा रीतीने कायद्याने घडवलेले आहे.

दुसऱ्या चित्रपटात हे रिकामेपण मोडते. करारांची रक्कम वेळेवर न मिळाल्याने उपासमारीने गांजलेल्या डकोटांनी १८६२ मध्ये उठाव केला. २६ डिसेंबर रोजी मॅनकेटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. उठावाच्या धामधुमीत क्रिस्टिना मरणशय्येवर असते. ट्रोएल फाशीही दाखवतात. तरीही एक विषमता उरतेच. स्मोलांडच्या भुकेला जेवढा अवकाश मिळतो, तेवढा डकोटांच्या भुकेला मिळत नाही. कार्ल ऑस्करला जे दिसले नाही, ते प्रेक्षकालाही बव्हंशी दिसत नाही. ही मर्यादा पात्राशी प्रामाणिक आहे, पण इतिहासाला ती अपुरी पडते. म्हणूनच मॅनकेटोची फाशी पाहिल्यानंतर पहिल्या चित्रपटातील ते तळे आणि ते झाड पुन्हा एकदा पाहावे लागते.