ट्रान्सप्युटरचा अस्त आणि ‘परम’ महासंगणकाची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विज्ञान व तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे प्रामुख्याने यशोगाथांचा मागोवा घेतला जातो. एखादे यंत्र केव्हा तयार झाले, ते कोणी केले आणि त्याचा गौरव कसा झाला, एवढ्यावर लेखन थांबते. ‘परम’ या भारतीय महासंगणकाच्या बाबतीतही बहुतांशी असेच घडले आहे. १९९१ साली पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, ही घटना सर्वांना परिचित आहे. तथापि, या यंत्रात ज्या चिप बसविलेल्या होत्या, त्या बनविणाऱ्या ‘इनमॉस’ या ब्रिटिश कंपनीचे नाव अवघ्या तीन वर्षांत बाजारातून नाहीसे झाले, या घटनेकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासला आहे. उत्तम रचनेची चिप बनविणारी कंपनी बाजारातील स्पर्धेत का टिकली नाही, तिच्यावर विसंबून उभा राहिलेला पुण्याचा प्रकल्प मात्र का टिकला आणि या अनुभवाच्या प्रकाशात ‘स्वदेशी’ या संज्ञेचा अर्थ कसा लावावा, हे तीन प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

इनमॉसचा उदय

इनमॉसची स्थापना १९७८ साली ब्रिटनमध्ये झाली. इयान बॅरन, रिचर्ड पेट्रिट्झ आणि पॉल श्रोडर हे तिचे संस्थापक होत. चिप-निर्मितीच्या क्षेत्रात अमेरिका व जपान पुढे निघून जात असल्याची जाणीव त्या काळी ब्रिटिश राज्यकर्त्यांना होती. म्हणून तत्कालीन मजूर पक्षाच्या सरकारने ‘नॅशनल एंटरप्राइज बोर्डा’मार्फत या कंपनीला भांडवल देण्याचे ठरविले. एकूण ५ कोटी पौंड दोन हप्त्यांत द्यावयाचे होते. दुसरा हप्ता देण्यापूर्वी मार्गारेट थॅचर यांचे सरकार सत्तेवर आले. खाजगीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या या सरकारने काही काळ विचार करून १९८० साली तो मंजूर केला. कंपनीचे संशोधन केंद्र ब्रिस्टल येथे, अमेरिकेतील शाखा कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आणि कारखाना वेल्समधील न्यूपोर्ट येथे होता.

आरंभी इनमॉसचे उत्पन्न मुख्यतः मेमरी चिपच्या विक्रीवर अवलंबून होते. तिची खरी ओळख मात्र ‘ट्रान्सप्युटर’ या प्रोसेसरमुळे झाली. १९८३ साली त्याची घोषणा झाली, १९८५ साली टी-४१४ हा प्रोसेसर बाजारात आला आणि १९८७ साली दशांश अपूर्णांकांची गणिते वेगाने करणारा टी-८०० उपलब्ध झाला.

ट्रान्सप्युटरचे वेगळेपण समजून घेणे आवश्यक आहे. त्या काळातील सर्वसाधारण प्रोसेसर एकट्याने काम करण्यासाठी घडविलेला असे. दोन प्रोसेसर एकमेकांशी जोडावयाचे झाल्यास त्यासाठी निराळी यंत्रणा उभारावी लागे. ट्रान्सप्युटरमध्ये गणन करणारा भाग, थोडीशी मेमरी आणि शेजारच्या चिपशी थेट संवाद साधणारे चार दुवे हे सर्व एकाच चिपवर होते. परिणामी, असे अनेक ट्रान्सप्युटर जाळ्याप्रमाणे जोडून एक मोठे गणनयंत्र उभे करता येत असे. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या समांतर प्रक्रियांच्या सिद्धांतावर आधारित ‘ऑकम’ ही भाषा डेव्हिड मे यांनी या चिपसाठी विकसित केली होती. चिप आणि भाषा एकाच विचारातून घडविण्याचा हा प्रयत्न होता.

पुण्यातील प्रकल्प आणि ट्रान्सप्युटरची निवड

याच सुमारास भारताला हवामानाचा अंदाज व वैज्ञानिक संशोधन यांसाठी महासंगणकाची निकड भासत होती. भारताने अमेरिकेकडे ‘क्रे’ कंपनीच्या महासंगणकाची मागणी केली. असे यंत्र अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांच्या संशोधनासाठी वापरले जाईल, या शंकेने अमेरिकन सरकारने अधिक क्षमतेचे यंत्र देण्यास नकार दिला आणि कमी क्षमतेचे यंत्र कडक अटींवर दिले. या पार्श्वभूमीवर १९८८ साली पुणे येथे ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ म्हणजेच ‘सी-डॅक’ या संस्थेची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे संस्थेची धुरा सोपविण्यात आली. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपयांचा निधी, अशी या कार्याची चौकट होती.

एवढ्या अवधीत व एवढ्या निधीत प्रोसेसरही देशातच बनविणे शक्य नव्हते. चिप-निर्मितीसाठी सरकारने मोहाली येथे ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स’ उभारले होते. परंतु फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे लागलेल्या भीषण आगीत ही सुविधा नष्ट झाली. तेव्हा बाजारात मिळणारे अनेक सामान्य क्षमतेचे प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून समांतर रीतीने काम करवून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग उरला. या कामासाठी ट्रान्सप्युटर अत्यंत सोयीचा होता. प्रोसेसर व त्याला जोडणारी यंत्रणा एकाच चिपमध्ये मिळत असल्याने सी-डॅकचे निम्मे काम जणू आधीच झालेले होते.

१९९० साली झुरिच येथील प्रदर्शनात या यंत्राचा नमुना सादर झाला आणि १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. कमाल २५६ प्रोसेसरपर्यंत वाढविता येणाऱ्या या यंत्राची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला सुमारे १०० कोटी गणनक्रियांची होती. पुढे हे यंत्र रशिया, जर्मनी यांसारख्या देशांतही गेले.

इनमॉसच्या ऱ्हासाची कारणमीमांसा

परम ८००० तयार होत असताना इनमॉसची अवस्था मात्र बिकट झालेली होती. ब्रिटिश सरकारने १९८४ साली आपला ७६ टक्के हिस्सा ‘थॉर्न ईएमआय’ या कंपनीला साडेनऊ कोटी पौंडांना विकला होता. त्यानंतर लगेचच, १९८५ साली जपानी उत्पादकांच्या स्पर्धेमुळे मेमरी चिपच्या किमती जगभर कोसळल्या. याच लाटेत अमेरिकेच्या इंटेल कंपनीलाही मेमरीचा व्यवसाय सोडावा लागला. इंटेलजवळ वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसरचा आधार होता. इनमॉसजवळ तसा आधार नव्हता. थॉर्न ईएमआयने अखेर १९८९ साली इनमॉस ही कंपनी ‘एसजीएस-थॉमसन’ या फ्रेंच-इटालियन कंपनीच्या स्वाधीन केली.

या ऱ्हासाचे मूळ कारण चिपच्या अर्थशास्त्रात सापडते. नवा प्रोसेसर घडविण्याचा आणि त्यासाठी कारखाना उभारण्याचा खर्च प्रचंड असतो. मात्र एकदा ही व्यवस्था झाली, की प्रत्येक चिपमागे येणारा खर्च अल्प असतो. साहजिकच ज्याची विक्री अधिक, त्याला पुढील पिढीच्या चिपवर खर्च करण्याची ऐपत अधिक. वैयक्तिक संगणकांच्या प्रसारामुळे इंटेलच्या प्रोसेसरची विक्री कोट्यवधींच्या घरात जात होती. १९८९ साली ४८६ आणि १९९३ साली पेंटियम हे प्रोसेसर बाजारात आले. पेंटियमच्या विकासात पुण्यात जन्मलेले अभियंता विनोद धाम यांचा प्रमुख वाटा होता, हा या इतिहासातील एक लक्षणीय योगायोग होय. ट्रान्सप्युटरचा ग्राहकवर्ग मात्र प्रयोगशाळा, समांतर यंत्रे बनविणाऱ्या लहान कंपन्या आणि काही विशिष्ट उपकरणे एवढाच मर्यादित राहिला.

सोलापूर परिसरातील वाचकांना हा प्रकार अगदीच अपरिचित वाटणार नाही. सूतकताईपासून कापडापर्यंत सर्व कामे एका छताखाली करणाऱ्या गिरण्या बंद पडल्या आणि घरोघरी चालणारे यंत्रमाग टिकून राहिले. चिपच्या बाजारात कारणे निराळी होती. तथापि, अधिक परिपूर्ण व्यवस्थेवर अधिक स्वस्त व अधिक प्रसृत व्यवस्थेने मात करावी, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच दिसते.

दुसरे कारण भाषेशी निगडित होते. जगभरातील शास्त्रज्ञांची गणनविषयक कामे फोरट्रान या भाषेत अनेक वर्षे साठलेली होती. ती सर्व बाजूला सारून ऑकम शिकण्याची तयारी थोड्यांचीच होती.

तिसरे व निर्णायक कारण म्हणजे टी-९००० या पुढील प्रोसेसरला झालेला विलंब. टी-८०० पेक्षा दहापट वेगवान अशा या चिपची घोषणा १९९१ साली झाली. परंतु ती वेळेवर बाजारात येऊ शकली नाही आणि आली तेव्हा ठरविलेला वेग गाठू शकली नाही. तोवर इतरांचे एकेकटे प्रोसेसर तिच्या पुढे गेले होते. डिसेंबर १९९४ मध्ये इनमॉस या नावाचा वापर थांबविण्यात आला.

‘परम’ कसा टिकला?

चिप बनविणारी कंपनी लयास गेल्यावर तिच्यावर आधारलेली यंत्रेही लयास जावीत, हे स्वाभाविक होते. टी-९००० वर भिस्त ठेवून यंत्र आखणाऱ्या जर्मनीतील ‘पार्सिटेक’ या कंपनीला आयत्या वेळी पॉवर-पीसी या प्रोसेसरकडे वळावे लागले. इनमॉसमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी ब्रिस्टल येथे स्थापन केलेल्या ‘मायको’ या कंपनीनेही अन्य प्रोसेसरचा आश्रय घेतला.

सी-डॅकनेही टी-९००० ची वाट पाहत बसण्याऐवजी मार्ग बदलला. ‘परम ८६००’ मध्ये दर चार ट्रान्सप्युटरमागे इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर जोडण्यात आला. येथे ट्रान्सप्युटरकडे मुख्यत्वे संवादाचे काम उरले आणि गणनाचा भार इंटेलच्या चिपने उचलला. त्यानंतरच्या ‘परम ९०००’ मालिकेत ट्रान्सप्युटर पूर्णपणे बाजूला पडला व सन कंपनीचा सुपरस्पार्क प्रोसेसर आला. या यंत्राची रचनाच अशी करण्यात आली, की पुढे प्रोसेसर बदलला तरी उर्वरित व्यवस्था कायम राहावी. १९९८ साली अल्ट्रास्पार्कवर आधारित ‘परम १००००’ सिद्ध झाला. त्याची क्षमता सेकंदाला १०,००० कोटी गणनक्रियांची होती. २००२ च्या अखेरीस आलेल्या ‘परम पद्म’ मध्ये आयबीएमचे पॉवर-४ प्रोसेसर होते आणि त्याने एक लाख कोटींचा टप्पा गाठला. जून २००३ मध्ये जगातील ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत तो १७१ व्या स्थानी होता.

ही यादी बारकाईने पाहिल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर १९९० च्या दशकातच बंद झाला. स्पार्क बनविणारी सन कंपनी २०१० साली ओरॅकलने विकत घेतली. ज्या क्रे यंत्राच्या नकारातून हा प्रकल्प जन्मला, ती क्रे रिसर्च कंपनी १९९६ साली सिलिकॉन ग्राफिक्सने विकत घेतली. पुरवठादार बदलत गेले, परमची परंपरा चालू राहिली.

याचे श्रेय ज्या गोष्टी बाजारातून विकत आणलेल्या नव्हत्या त्यांना द्यावे लागते. ट्रान्सप्युटरचे दुवे हातातून गेल्यावर सी-डॅकने प्रोसेसर एकमेकांशी जोडणारे ‘परमनेट’ हे जाळे स्वतः विकसित केले. समांतर आज्ञावली लिहिण्यासाठी ‘पारस’ ही व्यवस्था घडविली. याहून मोलाची गोष्ट म्हणजे, एका प्रोसेसरवरील ज्ञान दुसऱ्या प्रोसेसरवर नेऊ शकणारा अभियंत्यांचा वर्ग पुण्यात तयार झाला.

स्वदेशीचा अर्थ

परमच्या या इतिहासावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रोसेसर परदेशी असताना या यंत्राला स्वदेशी का म्हणावे? हा आक्षेप सर्वस्वी फेटाळता येणार नाही. चिप कोणती वापरावी याची निवड पुण्यात होत असली, तरी कोणत्या चिप उपलब्ध असाव्यात याचा निर्णय नेहमीच अन्यत्र होत आला. २०१५ साली सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय महासंगणन अभियाना’तील यंत्रांचे सर्व्हर देशात तयार होऊ लागले, २०२४ साली राष्ट्राला अर्पण झालेले ‘परम रुद्र’ हे त्याचे उदाहरण होय. तरी त्यातील प्रोसेसर इंटेलचेच आहेत.

परंतु चिप स्वतः बनविणे म्हणजे सुरक्षितता, असे समीकरणही इनमॉसच्या अनुभवातून सिद्ध होत नाही. इनमॉसजवळ स्वतःची रचना, स्वतःची भाषा, स्वतःचा कारखाना आणि शासनाचे भांडवल हे सर्व होते. नव्हता तो पुरेसा ग्राहक. ज्या इंटेलच्या विक्रीसमोर ट्रान्सप्युटर निष्प्रभ ठरला, त्या इंटेललाही पुढे याच नियमाला सामोरे जावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातील तिची जागा एनव्हिडिया कंपनीने घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्यात सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. १९७८ साली ब्रिटनने जो मार्ग चोखाळला, त्याच मार्गावर सुमारे अर्धशतकानंतर अमेरिकेनेही पाऊल टाकले.

निष्कर्ष

१. इनमॉसचा अस्त हा रचनेच्या उणिवेपेक्षा मर्यादित बाजारपेठ, ऑकमचा मर्यादित स्वीकार आणि पुढील चिपला झालेला विलंब यांचा एकत्रित परिणाम होता.

२. परम टिकला तो एका चिपशी निष्ठा न बाळगता जोडणी, आज्ञावली आणि मनुष्यबळ यांत स्वतःची क्षमता निर्माण केल्यामुळे.

३. ‘स्वदेशी’ ही संज्ञा यंत्रातील सुट्या भागांच्या जन्मस्थानावरून ठरविणे अपुरे आहे. पुरवठादार नाहीसा झाला तरी काम पुढे नेता येणे, हा तिचा अधिक उपयुक्त निकष ठरतो.

४. शासकीय भांडवल उद्योगाला जन्म देऊ शकते; ग्राहक मात्र देऊ शकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये भारत सरकारने चिप-निर्मितीसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि सी-डॅकनेही ‘वेगा’ या प्रोसेसर-मालिकेची रचना केली आहे. या प्रयत्नांचे मूल्यमापन करताना किती कारखाने उभे राहिले याबरोबरच तेथील चिप कोण व किती प्रमाणात वापरणार, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

परमच्या इतिहासाचा अभ्यास केवळ अभिमानापोटी न करता या दृष्टीने होणे अगत्याचे आहे. विज्ञान, वाणिज्य आणि इतिहास या तिन्ही शाखांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन अभ्यासावा, असा हा विषय आहे.