ओव्याच्या वासामागचा इतिहास



पोट दुखलं की चिमूटभर ओवा चावायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ओवा तळहातावर चोळला की जो उग्र वास येतो, तो मुख्यतः थायमॉलचा. ओवाफूल म्हणून जे खडे मिळतात, तेही थायमॉलच. आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत, कारण पुढे खरेदीच्या वेळी तो कामाला येईल.

जर्मनीत कास्पार नॉयमान यांनी १७१९ साली थाइम या वनस्पतीच्या तेलातून हे खडे वेगळे केले. पुढे १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमेतल्या जंतूंसाठी कार्बोलिक ॲसिड वापरल्याचं जगाला सांगितलं. पण त्याने कातडी पोळायची. म्हणून काही डॉक्टर थायमॉलकडे वळले. त्यासाठी ओवा लागे, आणि तो आपल्याकडे पिके. पहिल्या महायुद्धाआधी आपलं ओव्याचं बी जहाजानं जर्मनीला जाई आणि तिथल्या कारखान्यांत त्याचं थायमॉल बने. माल आपला, मोल त्यांचं!

१९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर आयोगानं अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम चालवली. त्यात थायमॉल देत. सोबत ताकीद असे: तेल, तूप, दारू घ्यायची नाही. थायमॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, पण तेलात आणि दारूत लगेच विरघळतं. मग ते अंगात जास्त भिनतं आणि विषबाधा होते. झाडापासून आलेलं औषधही मात्रा चुकली तर जिवावर बेततं.

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं आणि वनस्पतींची तेलं मागे पडली. पण औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला पुरून उरतील, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनीच १९४५ साली दिला होता. तो आज खरा ठरतोय. म्हणून संशोधक पुन्हा ओवा, लवंग, कडुनिंब यांच्या तेलांकडे पाहताहेत.

अडचण जुनीच: तेल आणि पाणी एक होत नाही. त्यावर काढलेली युक्ती म्हणजे नॅनो-इमल्शन. दुधात स्निग्धाचे थेंब पाण्यात तरंगतात; ते मोठे असल्यानं वर येऊन साय धरते. इथे यंत्राच्या जोरानं तेलाचे थेंब केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक करतात आणि ते पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून साबणासारखा पदार्थ घालतात. असं तेल पाण्यात सगळीकडे सारखं पसरतं, जंतूपर्यंत पोचतं आणि त्याचं बाहेरचं आवरण फोडतं. अन्न टिकवण्यासाठी, जखमांसाठी, डासांच्या अळ्यांसाठी त्याचे प्रयोग चालू आहेत. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा त्यानं घेतलेली नाही.

बारीक थेंब अंगात लवकर भिनू शकतात, म्हणून ती शंभर वर्षांपूर्वीची ताकीद आजही विसरायची नाही. उद्या कुणी 'नैसर्गिक नॅनो' लिहिलेली बाटली घेऊन गटाच्या बैठकीत आलं, तर विचारा: यात काय आहे, किती आहे, कशासाठी तपासलंय, लेकराला आणि जनावराला चालतं का? लेखी उत्तर मिळालं नाही तर पैसे गाठीलाच ठेवा. आणि दवाखान्यातल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.