ऑक्झेंडनची रायगड-वकिलात (इ. स. १६७४) : व्यापारी राजनयाचा एक अभ्यास

शिवराज्याभिषेकाचा प्रत्यक्षदर्शी म्हणून हेन्री ऑक्झेंडनचे नाव आपल्याकडील विद्यार्थ्यांना परिचित आहे. तो रायगडावर मुळात कशासाठी आला होता, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. परराष्ट्रात बाजारपेठ मिळविणे, जकातीचा दर ठरवून घेणे, आपल्या व्यापाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई मागणे ही आज कोणत्याही वकिलातीची नित्याची कामे होत. ऑक्झेंडन याच कामांसाठी आला होता. फरक एवढाच की, त्याला पाठविणारी सत्ता ही स्वतःच एक व्यापारी कंपनी होती.

या वकिलातीमागे राजापूरचे प्रकरण होते. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली. परिणामी १६६१ मध्ये मराठ्यांनी त्यांची वखार लुटली व वखारवाल्यांना कैद केले. ही भरपाई मिळविण्यासाठी १६७२ मध्ये उस्टिक व १६७३ मध्ये निकोल्स असे दोन वकील येऊन गेले. पण प्रश्न सुटला नाही. पुढील वर्षी मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने ऑक्झेंडनला नजराणे देऊन रवाना केले.

मे महिन्यात मुंबईहून शिबाडाने निघालेली ही मंडळी रात्री चौलला पोहोचली. पोर्तुगीज शहराचे दरवाजे बंद झाल्याने त्यांना वेशीबाहेरील एका लहानशा चर्चमध्ये रात्र काढावी लागली. पुढे खाडीमार्गे अष्टमी, तेथून पालखीने निजामपूर व अखेर पाचाड असा त्यांचा प्रवास झाला. महाराज तेव्हा प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते. त्यामुळे पाहुण्यांना पायथ्याशीच थांबावे लागले. गडावर त्यांच्यासाठी मांसाचा पुरवठा करणारा वृद्ध खाटीक, इतके मांस खाणारे हे लोक आहेत तरी कोण, हे पाहण्यासाठी मुद्दाम गड चढून आला, अशी नोंद आढळते.

वाटाघाटी प्रामुख्याने निराजी पंडितांशी झाल्या. राजापूरच्या नुकसानीपोटी १०,००० होन, राज्यातील बंदरांत मुक्त व्यापार आणि आयातीवर शेकडा अडीच जकात या बाबींवर एकमत झाले. स्वराज्यालाही किनाऱ्यावरील व्यापार वाढावयास हवाच होता. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते, या वकिलातीचे खरे महत्त्व ज्या दोन कलमांवर महाराजांनी हरकत घेतली त्यांत आहे. इंग्रजी नाणे राज्यात चालावे, या मागणीवर उत्तर असे मिळाले की, कोणत्याही नाण्यास येथे बंदी नाही. मात्र ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. नाणे मोगलांच्या नाण्याइतके शुद्ध व वजनदार असल्यास ते आपोआप चालेल. दुसरे कलम फुटून किनाऱ्यास लागलेल्या जहाजांवरील माल परत करण्याचे होते. तसे करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध असून, इंग्रजांना ही सवलत दिल्यास फ्रेंच व डचही ती मागतील, असे निराजीपंतांनी कळविले. व्यापारी सवलत देणे आणि नाण्यावरील वा किनाऱ्यावरील हक्क सोडणे या भिन्न गोष्टी आहेत, ही जाण या उत्तरांत स्पष्ट दिसते.

६ जून रोजी राज्याभिषेकप्रसंगी ऑक्झेंडनने हिऱ्याची अंगठी नजर केली व त्याच महिन्यात करार पूर्ण झाला. राजापूरच्या भरपाईची वसुली मात्र पुढे बराच काळ रेंगाळली. १६७९ मध्ये महाराजांनी थळसमोरील खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा ते काम अडविण्यासाठी मुंबईहून आलेली गलबते याच कंपनीची होती.