जर्मन संघातली आडनावं

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा गाव कुठलं. तेवढ्यावर समोरच्याची निम्मी कुंडली मांडून होते. जर्मनीत असं थेट विचारणं शिष्टाचारात बसत नाही म्हणे, पण "हो, पण मूळचे कुठले?" हा प्रश्न फिरून फिरून येतोच. इथे राहायला लागल्यापासून मला मात्र एक वेगळाच नाद लागलाय, जुन्या फुटबॉल संघांच्या याद्या वाचण्याचा. जर्मनीने वर्ल्डकप चार वेळा जिंकला: १९५४, १९७४, १९९० आणि २०१४. पहिले तीन पश्चिम जर्मनी म्हणून. या चार याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की देशाचा इतिहास आडनावांतून वाचता येतो.

सुरुवात १९५४ पासून करू. युद्ध संपून नऊच वर्षं झाली होती. १९५० च्या स्पर्धेत जर्मनीला प्रवेशच नव्हता. बुंडेसलीगा सुरू व्हायला अजून नऊ वर्षं होती आणि खेळाडू पोटासाठी दुसरी कामं करत. प्रशिक्षक झेप हेरबेर्गर हा नाझी काळापासून त्याच खुर्चीवर बसलेला माणूस. कर्णधार फ्रिट्झ वाल्टर १९४५ साली युद्धकैदी होता. छावणीत पहारेकऱ्यांबरोबर फुटबॉल खेळताना एका हंगेरियन पहारेकऱ्याने त्याला ओळखलं आणि त्यामुळे रशियात जाणाऱ्या गाडीतून आपण वाचलो, असं तो पुढे सांगत असे. गंमत बघा, नऊ वर्षांनी अंतिम सामना पडला तो हंगेरीशीच!

पुश्काशचा हंगेरी त्या वेळी १९५० पासून हरलेला नव्हता. १९५३ मध्ये त्यांनी इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ असं लोळवलं होतं. गटसाखळीत जर्मनीचाही ८-३ असा धुव्वा उडाला. हेरबेर्गरने मुद्दामच राखीव खेळाडू खेळवले होते, पण लोकांनी त्याला शिव्यांची पत्रं पाठवली ती पाठवलीच. ४ जुलैला बर्नच्या पावसात आठ मिनिटांतच हंगेरी २-० ने पुढे होता. तिथून मॉरलॉकचा एक आणि हेल्मुट राहनचे दोन गोल, ३-२. राहनचा दुसरा गोल ८४ व्या मिनिटाला झाला. जर्मन लोक याला 'बर्नचा चमत्कार' म्हणतात. सामन्यानंतर स्टेडियममधल्या जर्मन प्रेक्षकांनी राष्ट्रगीताचं जुनं, नको असलेलं पहिलं कडवं गायलं, हाही त्याच चमत्काराचा भाग. तो सहसा सांगितला जात नाही.

त्या अकरा जणांत पाच एकट्या कायझर्सलाउटर्नचे होते. कर्णधाराचा सख्खा भाऊ ओटमारही त्यांतला. म्हणजे जवळपास गावकीचाच संघ. पण त्यात युप पोसिपाल हे एक नाव आहे. हा रुमानियातल्या लुगोज गावी जन्मलेला. तिथल्या जर्मन वस्तीतला असल्याने कायद्याच्या दृष्टीने तो जर्मनच. त्याहीमागे गेलं तर १९३४ च्या वर्ल्डकपमधला कर्णधार फ्रिट्झ शेपान. त्याचे आईवडील पूर्वेकडच्या माझुरियातून रूर भागात आलेले. रूरच्या कोळसा खाणींवर तिकडून इतकी माणसं आली की शाल्के क्लबच्या खेळाडूंची आडनावं ऐकून लोक त्यांना सरळ 'पोलिश' म्हणत. थोडक्यात काय, 'शुद्ध जर्मन' यादी शोधायला बसलात तर बरंच मागे जावं लागेल आणि तरी हाती लागेलच असं नाही.

१९७४ ची स्पर्धा घरच्याच मैदानावर झाली. अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकचे सहा जण: मायर, बेकेनबाउअर, श्वार्त्सेनबेक, ब्राइटनर, हॉनेस आणि गेर्ड म्युलर. नेदरलँड्सने दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. ब्राइटनरने पेनल्टीवरच फेड केली आणि ४३ व्या मिनिटाला म्युलरने निर्णायक गोल मारला. त्याला पास देणारा राइनर बोनहोफ जन्माने डच नागरिक होता! सीमेवरच्या एमेरिखमध्ये वाढला आणि पुढे जर्मन झाला. डच मंडळींना त्या दिवशी काय वाटलं असेल ते असो.

पण १९७४ च्या यादीत कोण नव्हतं, हे जास्त बोलकं आहे. इटलीशी १९५५ मध्ये आणि तुर्कस्तानशी १९६१ मध्ये करार करून जर्मनीने कामगार आणले होते. त्यांचं नाव 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हटला की तो जाणार हे गृहीत. १९७३ मध्ये ही भरती थांबवली, पण माणसं राहिली, त्यांना मुलं झाली. नागरिकत्वाचा कायदा मात्र १९१३ चा, रक्ताच्या नात्यावर चालणारा. पोसिपालला दार उघडं होतं. गेल्झेनकिर्शेनमध्ये जन्मलेल्या तुर्की कामगाराच्या मुलाला ते तसं उघडं नव्हतं. १९९० च्या विजेत्या संघातही ही मुलं दिसत नाहीत.

त्या १९९० च्या विजयानंतर बेकेनबाउअरने एक भविष्य वर्तवलं. आता पूर्व जर्मनीचे खेळाडूही येतील, मग आम्हाला कित्येक वर्षं कोणी हरवू शकणार नाही. झामरसारखे उत्तम खेळाडू आलेही, १९९६ ची युरो स्पर्धा जिंकलीही. पण १९९४ मध्ये बल्गेरियाने आणि १९९८ मध्ये क्रोएशियाने घरी पाठवलं, आणि २००० च्या युरोत तर एका गुणासह गटात तळाला!

या नाचक्कीनंतर संघटनेने मुलांच्या प्रशिक्षणाची सगळी घडीच बदलली. मोठ्या क्लबांना स्वतःची अकादमी काढणं सक्तीचं झालं. योगायोगाने १ जानेवारी २००० पासून नवा नागरिकत्व कायदाही आला. आता जन्मालाही किंमत मिळाली. पुढचं फळ २००९ मध्ये दिसलं. २१ वर्षांखालच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडला ४-० ने हरवणाऱ्या संघात नॉयर, हुमेल्स, हॉवेडेस, बोआटेंग, खेदिरा आणि ओझिल होते. हे सहाही जण २०१४ च्या विजेत्या संघात आहेत.

२०१० च्या २३ जणांत ११ जणांचं मूळ जर्मनीबाहेरचं होतं: पोलंड, तुर्कस्तान, ट्युनिशिया, घाना, नायजेरिया, ब्राझील, स्पेन, बोस्निया. त्यातही क्लोजे आणि पोडोल्स्की पोलंडमध्ये जन्मून जर्मन वंशाच्या आधारे लहानपणीच आलेले, म्हणजे पोसिपालच्याच दाराने. ओझिलने तुर्की नागरिकत्व सोडून जर्मन घेतलं. जोहान्सबर्गला घानाविरुद्ध जेरोम बोआटेंग जर्मनीकडून आणि त्याचा सावत्र भाऊ केव्हिन-प्रिन्स घानाकडून खेळला. दोघेही बर्लिनचे! मग २०१४. ब्राझीलला त्यांच्याच घरात ७-१, आणि माराकानावर अर्जेंटिनाविरुद्ध ११३ व्या मिनिटाला ग्योत्सेचा गोल. सगळीकडे 'नवी जर्मनी' म्हणून कौतुक झालं.

हे कौतुक चारच वर्षं टिकलं. मे २०१८ मध्ये ओझिल आणि ग्युंदोआन यांनी तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्याबरोबर फोटो काढले. त्या फोटोवर टीका व्हायलाच हवी होती, असं माझंही मत आहे. पण वर्ल्डकपमध्ये मेक्सिको आणि दक्षिण कोरियाकडून हरून संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला, आणि टीकेचा सूर बदलला. २२ जुलैला ओझिल निवृत्त झाला. जिंकलो की मी जर्मन, हरलो की परका, असा त्याच्या निवेदनाचा सारांश होता.

१९५४ मध्ये ८-३ ने हरलेल्या संघालाही लोकांनी सोडलं नव्हतं. पण तो राग संघनिवडीवर होता. आठ गोल खाल्ले म्हणून कोणाचं जर्मनपण काढून घेतलं गेलं नाही. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. २०१४ च्या विजयाने मिश्र संघ चांगला हे सिद्ध झालं असं ज्यांनी म्हटलं, त्यांनी नकळत उलट बाजूलाही हत्यार दिलं. कारण मग २०१८ च्या पराभवाने काय सिद्ध होतं? खरं तर दोन्हींनी काहीच नाही. २०१४ चं यश अकादम्यांचं होतं, आणि २०२२ मध्ये तोच संघ जपानकडून हरून पुन्हा पहिल्या फेरीत गारद झाला तो खेळामुळे. माणूस इथला आहे की नाही, हे गोलफलकावरून ठरवायची गोष्टच नाही.

जून २०२४ मध्ये, घरच्या युरो स्पर्धेच्या तोंडावर, इथल्या सार्वजनिक वाहिनीच्या पाहणीत २१ टक्के लोकांनी संघात गोरे खेळाडू जास्त असते तर बरं, असं सांगितलं. प्रशिक्षक नागेल्समान आणि किमिश यांनी त्या प्रश्नालाच वंशवादी म्हटलं. त्या संघाचा कर्णधार होता इल्काय ग्युंदोआन, गेल्झेनकिर्शेनमध्ये जन्मलेला. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून १-२ ने हरले. एकोणऐंशी टक्के लोक तसं म्हणाले नव्हते, हेही लिहून ठेवतो. मी ज्या देशात राहतो त्याच्याविषयी मला तो आकडाही तितकाच महत्त्वाचा वाटतो.