कात्री आणि जोड : चित्रपट-संकलनाची गुरुपरंपरा

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’ या शब्दापुढे येणारे नाव आपण सहसा वाचत नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट आपल्या समाजातील कोणत्या घराला ठाऊक नाही? परंतु त्याचे संकलक ए. आर. शेख यांचे नाव किती जणांस सांगता येईल? वास्तविक संकलन म्हणजे गोळा करणे. या विद्येत मात्र खरे कौशल्य वगळण्यात आहे. ही विद्या आपल्याकडे कोणी व कशी शिकली, याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा आमचा मानस आहे.

या परंपरेचे मूळ शोधू गेल्यास वाट बडोद्यावरून जाते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. पुढे १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील कामकाज पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. दादरच्या राहत्या घरी त्यांनी तयार केलेली पहिली शिष्या म्हणजे पत्नी सरस्वतीबाई. दिवसभर कलावंत व कामगारांचा स्वयंपाक सांभाळून रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे, तुकडे जोडणे ही कामे त्या शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुमारे ३७०० फुटांचा होता. त्यातील सरस्वतीबाईंच्या श्रमांची दखल घेण्यास समाजाला पुष्कळ वर्षे लागली.

दुसरे गुरुगृह कोल्हापूरचे. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत वर्ग नव्हते, फळा नव्हता. १९२० साली तेथे आलेले व्ही. शांताराम पडेल ते काम करीत शिकले. त्यांनी दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना केली; १९३३ साली ती संस्था पुण्यास आली.

तोवर बोलपट अवतरला होता आणि संकलकाचे काम दुपटीने अवघड झाले होते. मूकपटात केवळ चित्र कापावयाचे असे. आता आवाजाची पट्टी निराळी आली आणि ओठांची हालचाल शब्दाशी जुळविणे भाग पडले. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. दोन-चार चौकटींची चूकही प्रेक्षकाच्या डोळ्यांस खुपते. जोड देताना फिल्मच्या कडेवरील थर खरवडून, सिमेंट लावून, दुसरा तुकडा त्यावर दाबून धरावा लागे. प्रयोग करावयाचे ते छापील प्रतीवर. तिच्यावर निर्णय पक्का झाला की कडेचे आकडे जुळवून मूळ निगेटिव्ह कापली जाई. तेथे चुकीला क्षमा नव्हती. म्हणून शिकाऊ मुलाने आधी महिनोन्महिने तुकड्यांवर खुणा घालाव्यात, डबे लावावेत, वस्तादाचा हात पाहावा आणि मग कात्रीला हात घालावा, अशी शिस्त होती.

‘प्रभात’ बंद पडल्यावर त्याच वास्तूत १९६० साली केंद्र शासनाने फिल्म इन्स्टिट्यूट उभारली आणि घराण्यात मिळणारी विद्या अभ्यासक्रमात आली. तेथे प्रवेश घेताना रेणू सलुजा यांची ओढ दिग्दर्शनाकडे होती. वाट्यास आले संकलन. १९७६ साली त्या पदविका घेऊन बाहेर पडल्या आणि ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ व ‘गॉडमदर’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. २००० साली त्यांचे अकाली निधन झाले. दादरच्या अंधाऱ्या खोलीपासून पुण्याच्या संकलन-कक्षापर्यंतचा हा प्रवास आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. पहिल्या शिष्येस न मिळालेले श्रेय येथे निदान एकीच्या नावापुढे तरी लागले.

आता संगणकावर कितीही वेळा कापावे, कितीही वेळा पूर्ववत करावे. फिल्म वाया जाण्याचे भय उरलेले नाही. या सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि कापण्यापूर्वी विचार करण्याची जी सवय महागड्या फिल्मने लावली, ती शिक्षकाने आता मुद्दाम लावावी लागते.

याहून मोठी खंत निराळी आहे. संकलनाची पोथी म्हणजे प्रत्यक्ष चित्रपट. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची एवढीच रिळे आज हाती आहेत, आणि तीही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. मधल्या रिळांतील जोड कसे होते, हे आता पाहता येत नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर लग्नसमारंभांच्या वा संस्थानी सोहळ्यांच्या फिल्मचे डबे कोठे असतील, तर ते भंगारात देऊ नयेत. उघडून, कापूनही पाहू नयेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावे. एखाद्या अनाम हाताची कारागिरी त्यात शिल्लक असेल.